नीलम्मा कुणासोबत गेली?

“मॅडम, नीलम्मा खोलीत नाही. पोरगीबी नाही.”

फोनवर दिपाली होती. आवाज दबलेला, धाप लागलेली. सहायक पोलीस निरीक्षक पंचशीला सोनकांबळे नुकतीच बंदोबस्तावरून घरी आली होती. रविवारची सकाळ, अजून चहाही झाला नव्हता.

“नीट पाहिलंस?”

“गच्चीवर पाहिलं, विहिरीपाशी पाहिलं. मागच्या गेटचं कुलूप काढलेलं हाय. तोडलेलं न्हाई.”

पंचशीलानं पुन्हा बूट चढवले.

दुसऱ्या लाटेतला एप्रिल होता. देगलूरचे रस्ते ओस पडले होते. फक्त रुग्णवाहिका पळत होत्या. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वसतिगृहात ‘सावली’ ही संस्था परमुलखातून आलेल्या मजुरांची कुटुंबं सांभाळत होती. कुणी बिहारचं, कुणी तेलंगणातलं. काम बंद, वाटा बंद. जेवण, औषधं, राहायला छप्पर, सगळं संस्था बघायची. संस्था म्हणजे तारामतीताई. निवृत्त शिक्षिका. पंचशीला याच वसतिगृहात राहून शिकली होती, आणि पोलीस भरतीला जा म्हणून तिच्या मागं लागणाऱ्याही ताईच.

नीलम्माचं प्रकरण मात्र वेगळं होतं. ती सीमेपलीकडच्या एका खेड्यातली. नवरा साईलू आणि ती भीमाशंकरच्या वीटभट्टीवर कामाला होते. साईलूला ताप आला. घरी जाऊ द्या म्हणाला, तर भीमाशंकरनं स्वतः फावड्याच्या दांड्यानं त्याला मारलं. रात्रीत तो गेला. कोरोनानं गेला असं सांगून घाईघाईनं जाळूनही टाकला. नीलम्मा लेकीला घेऊन शेतातून पळाली आणि ठाण्यात आली.

सोमवारी न्यायाधीशांपुढं तिचा जबाब होता. ही गोष्ट पंचशीलानं हवालदारांनाही सांगितली नव्हती. नीलम्माला तिनं वसतिगृहातल्या मागच्या खोलीत ठेवलं आणि बजावलं होतं, “मी किंवा ताई, दोघींशिवाय कुणासोबत जायचं नाही.”

आता ती खोली उघडी होती.

पंचशीला दारात थांबली. आधी नुसतं पाहिलं. कोपऱ्यात कपड्यांचं बोचकं तसंच होतं. पातेल्यात तांदूळ भिजत घातलेले. खिडकीत तेलाची बाटली आणि फणी, फणीत लहान पोरीचे केस. ताईंनी दिलेल्या नव्या साडीची पिशवी खाटेवर पडलेली. पिशवी रिकामी होती.

“ही साडी कधी नेसली होती तिनं?”

“कधीच न्हाई,” दिपाली म्हणाली. रोज सकाळी येऊन स्वयंपाकघर तीच बघायची, दुपारी घरी जायची. तिचं माहेर तेलंगणातलं, त्यामुळं नीलम्माशी तेलुगूत बोलणारी इथं ती एकटीच. “जपून ठेवली होती. कशासाठी ते मला सांगितलं न्हाई.”

“काल ती घाबरलेली होती?”

“न्हाई. काल हसली पण.”

“सोमवारच्या जबाबाबद्दल काही बोलली?”

दिपालीच्या कपाळावर आठ्या पडल्या. “कसला जबाब, मॅडम?”

पंचशीला व्हरांड्याकडं वळली.

तारामतीताई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. पंचशीलाला बघताच त्यांनी तिचा हात धरला.

“माझ्या दारातून गेली गं ती.”

“ताई, रात्री इथं कोण होतं?”

“मी घरी होते. सरांची तब्येत तुला माहीतच आहे. सुदर्शन इथं होता. टेम्पो लावून गेटपाशीच झोपतो तो.”

“आता कुठंय?”

“सकाळपासून नाही. टेम्पोही नाही, फोनही बंद.” ताईंनी पदर डोळ्यांना लावला. “त्याला मी लेकरासारखं वागवलं, पंचशीला. पण माणसाच्या पोटातलं कुणाला कळतं?”

“तुम्ही त्याला कुठं पाठवलं होतं का?”

“नाही. मी कशाला पाठवू?”

सुदर्शन देगलूरचाच, तिशीतला. संस्थेचा टेम्पो चालवायचा. कुणी हात लावत नव्हतं अशी प्रेतं त्यानं त्या महिन्यात स्मशानात पोचवली होती. पंचशीलानं त्याच्या टेम्पोचा नंबर सगळ्या नाक्यांना कळवला. कळवताना तिला बरं वाटलं नाही.

तिथून ती थेट भट्टीवर गेली.

भीमाशंकर मास्क हनुवटीवर ओढून बाजेवर बसला होता. त्याच्या पांढऱ्या बुटांवर विटांची लाल भुकटी होती.

“बघा की मॅडम. भट्टीत उतरून बघा. बाई माझी न्हाई, मला काय करायचंय तिला?”

“तिच्या नवऱ्याला कशानं मरण आलं?”

“कोरोनानं. गावागावात मरून राहिले लोक. माझाच दोष का?”

झोपड्या पाहिल्या, विटांच्या थप्प्यांमागं पाहिलं. भट्टीला लागूनच त्याचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. तेही बंद. वेल्डिंगच्या नळ्या भिंतीला गुंडाळून ठेवलेल्या. खाली लाल धुळीत एक स्वच्छ गोल ठसा होता.

“इथला सिलिंडर?”

“सरकारनं नेले ना सगळे, दवाखान्याला.”

ते खरं असू शकत होतं. ऑक्सिजनच्या तुटवड्यात प्रशासनानं वर्कशॉपचे सिलिंडर गोळा केले होते. पंचशीलानंच त्या गाड्यांना बंदोबस्त दिला होता.

ती निघताना भीमाशंकर मागून म्हणाला, “मॅडम, बाहेर काय हुडकता? आपल्याच माणसांना इचारा.” आणि हसला.

दुपारी ती परत वसतिगृहात आली, तर ताई घरी गेल्या होत्या. पंचशीला त्यांच्या घरी पोचली. पुढच्याच खोलीत शेषेराव सर उशीला टेकून बसलेले. ताईंचे यजमान, तेही शिक्षक. तोंडावर प्राणवायूचा मास्क, शेजारी सिलिंडर. चार दिवसांपूर्वी नांदेडपर्यंत कुठंच खाट मिळाली नव्हती. सर आता जातात असं सगळ्यांनी धरलं होतं.

“सर, बरं आहे?”

“काल संध्याकाळपासून.” एकेक शब्द तोडत सर बोलले. “हा आला आणि जीव… राहिला.”

सिलिंडर तळापासून गळ्यापर्यंत नुसता काळा होता. खाली पांढऱ्या फरशीवर लालसर कडं उमटलं होतं.

“कुठं मिळाला, ताई?”

“ओळखीनं,” ताई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

पंचशीलाला त्या क्षणी आनंदच झाला. सर वाचले होते. तिनं पुढं काही विचारलं नाही.

ऊन उतरता उतरता नाक्यावरून फोन आला. सुदर्शनचा टेम्पो सापडला होता. तो पळून चालला नव्हता, देगलूरकडंच येत होता. ठाण्यात आणला तेव्हा एका हवालदारानं त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या होत्या. गाल लाल झालेला.

“नीलम्माला कुठं सोडलंस?”

“कोन? नीलम्मा? मॅडम, म्या कालपासून नांदेडात हाय!”

“कशाला?”

“सिलेंडर भरून आणाया. ताईनं धाडलं काल दुपारी. म्हनल्या, भरल्याबिगर येऊ नको. रांगेत रात काढली, फोन मेला, तरी नंबर लागला न्हाई. बघा, रिकामाच हाय.”

टेम्पोत खरंच रिकामा सिलिंडर आडवा पडला होता. दवाखान्याचा, गळ्यापाशी पांढरा रंग दिलेला.

“कुणासाठी?”

“सरांसाठी, अजून कुनासाठी? सर हायेत ना अजून?” त्यानं हात जोडले. “मला लई भ्या वाटून राहिलं मॅडम, उशीर झाला म्हनून.”

पंचशीलानं नांदेडच्या प्लांटवरच्या बंदोबस्ताला फोन लावला. तिकडच्या हवालदाराला टेम्पोवाला चांगला आठवत होता. काल संध्याकाळपासून सकाळी उशिरापर्यंत तो रांगेतच होता.

तिनं फोन ठेवला. मग सुदर्शनला म्हणाली, “चल. आणि झालं त्याबद्दल माफ कर.”

वसतिगृहाच्या व्हरांड्यात ताई मुलांना बिस्किटं वाटत होत्या. पंचशीलानं मुलांना आत पाठवलं. दिपाली भांडी ठेवून बाहेर आली. सुदर्शन पायरीपाशी उभा राहिला. त्याला बघून ताईंच्या हातातला पुडा खाली पडला.

“ताई, नीलम्मा पळून गेली नाही,” पंचशीला म्हणाली. “पळणारी बाई बोचकं टाकून जात नाही. तिला ओढूनही नेलं नाही. तिनं पोरीची वेणी घातली, नवी साडी नेसली आणि जेवायच्या वेळेला परत यायचं म्हणून तांदूळ भिजत घातले. ती साडी तिनं कोर्टासाठी राखून ठेवली होती, मला तसं बोलली होती. म्हणजे सकाळी तिला कुणीतरी सांगितलं, जबाब आजच आहे, मॅडमनं बोलावलंय.”

“सुदर्शननं…”

“सुदर्शनला जबाबाचं माहीतच नव्हतं. दिपालीलाही नाही. तिच्याशिवाय माहीत होतं फक्त दोघींना, मला आणि तुम्हाला.”

ताई पडलेला पुडा उचलायला वाकल्या.

“तुम्ही म्हणालात, सुदर्शनला कुठंच पाठवलं नाही. तुम्हीच पाठवलंत, काल दुपारी. गेटपाशी कुणी नको होतं. पाठवलंत सरांसाठी प्राणवायू आणायला. पण सरांना सिलिंडर कालच मिळाला होता. मग ह्याला माघारी का नाही बोलावलंत? नुसता काळा सिलिंडर वर्कशॉपचा असतो, दवाखान्याचा नसतो. वर्कशॉपचे सगळे सरकारनं नेले. एक कुणीतरी लपवून ठेवला. तुमच्या फरशीवर उमटलेली भुकटी विटांची आहे. भीमाशंकरकडं सिलिंडरच्या जागी नुसता ठसा आहे.”

दिपालीनं तोंडावर हात घेतला.

“सिलिंडर त्यानं कालच दिला. त्या बदल्यात तुम्ही आज सकाळी त्याला ती बाई दिलीत.”

ताई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर.

“तो म्हणाला, तिला नुसतं समजावतो. गावाला सोडतो.”

“आणि तुम्हाला ते खरं वाटलं?”

“वाटून घेतलं मी.” ताईंचा आवाज फाटला. “सर माशासारखे तोंड उघडत होते गं. सगळीकडं फोन केले. तुला पण केला होता.”

केला होता. पंचशीलाही काही करू शकली नव्हती.

“साईलूलाही बायको होती, ताई.”

सुदर्शन पुढं आला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीतरी मोडल्यासारखं होतं.

“माझं नाव का घेतलं, ताई? म्या काय केलतं तुमचं?”

ताईंनी पदर तोंडावर ओढला.

“कुठं नेलंय तिला?” पंचशीलानं विचारलं.

“शिरूर अनंतपाळकडं. त्याच्या मळ्यातल्या गोदामात. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, तेव्हा ऐकलं मी.”

पंचशीलानं तिथल्या पोलिसांना कळवलं आणि दिपालीला घेऊन टेम्पोनं मागोमाग ये असं सुदर्शनला सांगितलं. गाडी निघायच्या आत तिला ताईंच्या घरी पाठवलेल्या हवालदाराचा फोन आला, “मॅडम, हा काळा सिलिंडर जप्त करायचा का?”

सरांचा श्वास त्यावरच चालला होता. “फोटो काढ, पंचनामा कर. संपला की उचल. तोवर त्याला हात लावायचा नाही.”

गोदामाचं कुलूप तोडलं तेव्हा अंधार पडायला लागला होता. नीलम्मा सोयाबीनच्या पोत्यांमागं लेकीला पोटाशी धरून बसली होती. ओठ सुजलेला, हिरवी साडी खांद्यावर फाटलेली. पंचशीलाला बघून ती पुढं आली नाही, आणखी मागं सरली.

“नीलम्मा, मी आहे.”

“तुमी न्हाई,” ती म्हणाली. “वद्दु, नको. ताई पन आसंच बोल्ली. चल बाळा, मी हाय.”

दिपाली जमिनीवर बसली आणि हळूहळू तेलुगूत बोलत राहिली. लेक आधी बाहेर आली, मग नीलम्मा. पण ती पोलिसांच्या गाडीत बसली नाही. सुदर्शनच्या टेम्पोत, दिपालीला धरून, उघड्या हौद्यात बसून ती देगलूरला आली. सोमवारी तिनं जबाब दिला. भीमाशंकरला त्याच दुपारी अटक झाली, ताईंचंही नाव गुन्ह्यात आलं. तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा पंचशीला उन्हात उभी होती. नीलम्मानं दिपालीचे हात हातात घेतले, सुदर्शनला मान हलवली. पंचशीलाकडं ती बघून न बघितल्यासारखी निघून गेली.

सावली बंद पडली नाही. चावी दिपालीकडं आली. राहणाऱ्या बायका मात्र आता रात्री दाराला आतून पेटी लावून झोपू लागल्या.

सर जगले. जूनमध्ये एका सकाळी सुदर्शन त्यांना टेम्पोत घालून ठाण्यात घेऊन आला. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. पंचशीला उठून उभी राहिली.

“सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी घरी आले असते.”

“लिहून घे,” सर म्हणाले. “तो माणूस माझ्या घरी आला होता, सिलिंडर घेऊन. मी शुद्धीवर होतो. डोळे मिटून पडलो होतो. सकाळी बाईला गेटपाशी आणा, असं तो म्हणालेला मी ऐकलंय.”

पंचशीला पुन्हा खुर्चीत बसली. “तुम्हाला माहीत होतं?”

“ऐकलं होतं. आणि मास्क लावून घेतला.” सर खिडकीकडं बघत राहिले. “लिही.”

तिनं कागद पुढं ओढला. नाव, वय, पत्ता लिहिला.

“आरोपी तारामती तुमच्या कोण लागतात?”

सरांना दम लागला होता. ते श्वास गोळा होईपर्यंत थांबले.

“बायको,” ते म्हणाले. “आणि माझं नावही तिच्या खाली लिही.”