सोबतीचा खडा

१६ फेब्रुवारी २०२१, मंगळवार. वर्ध्यात पहाटे गारठा, आभाळ स्वच्छ, वारा अजिबात नाही.

अण्णाजी ही गोष्ट नेहमी तारखेपासूनच सुरू करतात. लाइन गेली की कॉलनीतली पोरंपोरी त्यांच्या गच्चीवर जमतात. अण्णाजी आधी सगळ्यांचे टॉर्च बंद करायला लावतात, अडकित्ता खाली ठेवतात आणि म्हणतात, "आपल्या भिंतीला भिंत लागून राह्यते त्या कैलासची गोष्ट हाय. मधात कोणी हसायचं नाई."

कैलास सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. त्या सालात सगळ्यांचं झालं तेच त्याचंही झालं होतं. वर्षभर घरात कोंडून राहणं, तोंडाला मास्क, आठ वर्षांच्या सुरभीची शाळा मोबाइलमध्ये. विमानं पुन्हा उडायला लागली तेव्हा पोरीनं हट्ट धरला. म्हणून कैलासनं चौघांची गोव्याची तिकिटं काढली. तो, बायको रूपाली, सुरभी आणि वडील बाबाराव.

पण परत येताना कोरोनाची टेस्ट लागणार असं कळलं आणि बाबारावांनी पाय मागे घेतला.

"नाकात काडी घालून पार मेंदूलोक ढवळतेत म्हणे. मले नाई जमत. तुम्ही जा, मी घर पाहतो."

"बाबा, मंग विमान कवा पाह्यसान?" रूपालीनं विचारलं.

"पाह्यतो न. रोज घरावरूनच जाते."

बॅगा गाडीत चढल्या तेव्हा मात्र म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला. "तिघं नका जाऊ पण. वाटेतून एक खडा घेजा सोबत. चौथा म्हणून." ही रीत कैलासला लहानपणापासून ठाऊक होती. तिघांनी मिळून घर सोडू नये. सोडावंच लागलं तर एक खडा उचलायचा, त्याला 'चल' म्हणायचं, आणि परत आल्यावर उंबऱ्याच्या बाहेर ठेवून 'थांब' म्हणायचं.

"अन् ध्यानात ठेवजो," बाबाराव म्हणाले, "ज्यानं 'चल' म्हणलं, त्यानंच 'थांब' म्हणायचं. दुसऱ्याचं ऐकत नाई ते."

बॅगांच्या घाईत खडा राहिलाच. पवनारचा पूल ओलांडला आणि म्हाताऱ्याचा फोन आला. "खडा घेतला का?"

"घेतो न बाबा," म्हणत कैलासनं गाडी बाजूला घेतली. खाली धाम नदीचा काठ. तिथं पिंपळ. सुरभी मास्क सावरत उतरली, पिंपळाच्या बुडाशी गेली आणि एक काळा, गुळगुळीत खडा घेऊन आली. त्याला चार-दोन काळे तीळ चिकटले होते. ते तिनं फ्रॉकला पुसले.

"चल," ती खड्याला म्हणाली. आणि गाडीत बसली.

नागपूरच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या जवानानं तिच्या छोट्या पर्समधून खडा काढला. "ये क्या है बेटा?"

"हमारा चौथा है."

जवान हसला आणि त्यानं खडा परत पर्समध्ये टाकला. विमानात मधल्या सीटवाल्याला संसर्गाच्या भीतीनं पांढरा गाऊन घालावा लागे. डोक्यापासून पायापर्यंत, प्लास्टिकसारखा, हलला की कुरकुर वाजणारा. रूपालीनं तो घातला तेव्हा सुरभी पोट धरून हसली. "आई, तू भूत दिसून राह्यली!"

गोव्यात पहिल्या रात्री सुरभीनं आईच्या लाल नेलपॉलिशनं खड्यावर दोन डोळे काढले. एक जरा फाकला, कारण रूपालीचा अंगठा लागला.

"तोंड काऊन नाई काढलं?" कैलासनं विचारलं.

"तोंड काढलं तर बोलन न ते!"

तिघंही हसले.

दोन दिवस बरे गेले. किनाऱ्यावर तुरळक माणसं, समुद्र सगळा आपलाच. सुरभी निघताना खड्याला 'चल' म्हणायची, जेवताना त्याच्यासाठी एक घास बाजूला काढायची. तिसऱ्या दिवशी ती काहीच न बोलता चप्पल घालून निघाली.

"आज 'चल' नाई म्हणलं?" कैलासनं सहज विचारलं.

"म्हणायचं काम नाई आता. ती आधीच दारात उभी राह्यते."

"ती कोण?"

सुरभीनं मूठ उघडली. खडा ओला होता. ते अजून समुद्रावर गेलेच नव्हते.

रूपालीनं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "काय म्हणते मंग तुही ती?"

"म्हणते, मले घरी ने. माह्या घरचे आलेच नाई."

"पण तिले तर तू तोंड काढलं नाई."

"म्हणून तर," सुरभी म्हणाली, "माह्या तोंडानं बोलते."

त्या रात्री कैलासला झोप लागली नाही. पोरगी झोपेत बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज थकलेला होता. दम लागलेल्या म्हाताऱ्या बाईसारखा. त्यानं मनाशी एकच धरलं. घरी पोचायचं. खडा उंबऱ्याबाहेर ठेवायचा. सुरभी 'थांब' म्हणेल आणि पोरीच्या मागचं सुटेल.

पण गोव्याच्या विमानतळावर खडा अडवला. "पत्थर अलाउड नहीं है." कैलासनं हात जोडले, समजावलं. मागं रांग वाढत होती. खडा कचऱ्याच्या डब्यात पडला. टण्ण.

सुरभी रडली नाही. डब्याकडं पाहत राहिली. आणि तिथून पुढं ती बोलायचीच थांबली.

विमानात खिडकीशी सुरभी, मध्ये रूपाली, कडेला कैलास. हवाई सुंदरी आली आणि तिनं त्याच्या हातात दोन गाऊन दिले.

"एकच पाहिजे," कैलास म्हणाला.

"दूसरा पीछे वाली माताजी के लिए, सर. आपके साथ हैं ना?"

कैलासनं मान वळवली. मागची पूर्ण रांग रिकामी होती. हवाई सुंदरीसुद्धा पाहत राहिली. तिनं एक गाऊन परत घेतला आणि पुढं गेली. नंतर जवळ कोणी नसताना मागून आवाज येत राहिला. कुरकुर. प्लास्टिकची. कोणी बसल्या जागी कूस बदलावी तशी.

नागपूरला उतरले तेव्हा रात्र झाली होती. २० फेब्रुवारी, शनिवार. दोन दिवसांमागं अवकाळी पाऊस होऊन गेला होता, रस्त्याकडेचा हरभरा आडवा झाला होता. वर्ध्यात त्याच संध्याकाळी संचारबंदी लागली होती. नाक्यावर पोलिसांनी विमानाची तिकिटं पाहून सोडलं. पुढं रस्त्यावर एक गाडी नाही. ढाबे बंद. केळझरजवळ एक कुत्रं तेवढं दिसलं. ते गाडी पाहून भुंकलं नाही. मागं सरकलं.

सुरभी मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर. पुढची सीट रिकामी.

आणि अलार्म वाजायला लागला.

टिंग. टिंग. टिंग.

गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असतं हे. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की गाडी वाजते. सीटवर वजन पडावं लागतं.

कैलासनं सीटवर हात फिरवला. काही नव्हतं. गादी गार होती. टिंग. टिंग.

"बंद करा न ते..." रूपाली मागून म्हणाली.

त्यानं एका हातानं बेल्ट ओढला आणि खटक्यात बसवला. आवाज थांबला. कैलासनं दिव्याच्या उजेडात एकदा पाहिलं. रिकाम्या सीटवर पट्टा सैल पडायला पाहिजे होता.

तो पुढं फुगून राहिला होता. छातीवरून जावा तसा.

सेलू गेलं तेव्हा बाबारावांचा फोन आला. कैलासनं सगळं सांगितलं. खड्याचं, डब्याचं, सीटचं. 

"खडा उचलला कुठून होता?"

"धामच्या काठून. पिंपळाखालून."

"कैलास..." म्हातारा म्हणाला. "जीवखडे ठेवतेत रे तिथं."

गच्चीवर गोष्टीच्या या ठिकाणी कोणीतरी विचारतंच. परवा कॉलनीतल्या पौर्णिमानं विचारलं, "अण्णाजी, जीवखडा म्हणजे?"

"माणूस गेला का मसणातून एक खडा उचलतेत, बाई. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात राह्यते म्हणतेत. दहाव्याले नदीवर नेऊन पिंड द्यायचं अन् खडा पाण्यात सोडायचा. पण त्या सालात मयत घरच्यांच्या हाती देतच नव्हते. प्लास्टिकात बांधून परस्पर जाळत, अन् खडा मसणातलेच उचलून पिंपळाखाली ठेवत. कोणी भीतीनं नदीवर आले नाई, कोणी लॉकडाऊनमध्ये अडकले. कोणाकोणाचे खडे तसेच पिंपळाच्या बुडाशी राह्यले. अन् त्यातल्या एकाले ह्या पोट्टीनं 'चल' म्हणलं."



फोनवर बाबाराव सांगत होते, "पुलाच्या अलीकडेच गाडी थांबव. जिथून उचललं तिथंच पोरीले 'थांब' म्हणू दे. तसं घरी आणू नको. उंबरा ओलांडला तर मंग ते पोरीत घर करन."

पूल दिसला. पिंपळ दिसला. कैलासनं गाडी थांबवली. किल्ली काढून घेतली.

अंधार. खाली पाण्याचा आवाज.

"बेटा, 'थांब' म्हण."

सुरभी उठून बसली. मान हलवली. नाही.

"म्हण न राणी, एकडाव..." रूपालीनं तिला जवळ ओढलं.

सुरभीनं तोंड उघडलं.

"पाणी थंड हाय," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "किती दिवस झाले... मले घरी ने."

रूपालीनं तिच्या तोंडावर हात दाबला. लगेच काढला. हात ओला झाला होता.

कुरकुर.

पुढच्या सीटवरून.

कैलासला मान वळवता येईना. समोरच्या काचेवर वाफ धरली होती. दोन ठिकाणी. एक त्याच्यासमोर. एक रिकाम्या सीटसमोर.

"सुरभी..." तो काचेकडं पाहतच म्हणाला. "बेटा... बाबासाठी."

मागून हालचाल झाली. पोरगी दोन सीटच्या मधून पुढं वाकली. रिकाम्या सीटच्या उशीशी तोंड नेलं. कोणाच्या कानात बोलावं तसं हळू काहीतरी बोलली.

थांबली. ऐकलं.

पुन्हा बोलली.

मग तिनं मान हलवली. हो.

"थांब," ती मोठ्यानं म्हणाली. स्वतःच्या आवाजात.

काहीच झालं नाही.

मग खटका उघडला. पट्टा सावकाश, सुरळीत, दाराजवळच्या खांबाकडं गुंडाळला गेला. दार उघडलं नाही. काचेवरची, रिकाम्या सीटसमोरची वाफ विरली.

घरी बाबाराव फाटकाला आतून कडी घालून उभे होते. हातात बॅटरी. "किती जण आले?"

"तिघं."

त्यांनी बॅटरी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मारली. सुरभीच्या चेहऱ्यावर जास्त वेळ. डोळे मिचकावत ती म्हणाली, "आबा, मले भूक लागली." तेव्हा कडी निघाली.

गाडीत त्या सीटशी काय बोललीस, असं रूपालीनं तिला रात्री विचारलं. सकाळी विचारलं. गोडीनं विचारलं, रागावून विचारलं. सुरभीनं सांगितलं नाही.

बाबारावांनी त्या रात्रीपासून दहा दिवस मोजले. १ मार्च, सोमवार. ढगाळ, उकाडा. बाबाराव, कैलास आणि सुरभी असे तिघंच नदीवर निघाले होते, म्हणून त्यांनी भिंतीपलीकडून अण्णाजींना हाक मारली आणि चौथं घेतलं. पिंपळाखालची जागा बाबारावांनी स्वतः झाडली, पाणी शिंपडलं, वाळूवर पळसाची पत्रावळ मांडली. तीवर भाताचे पिंड, वर काळे तीळ. नाव ठाऊक नव्हतं. "जिच्या घरचे आले नाई, तिच्या नावानं," एवढंच ते म्हणाले.

पिंपळावर कावळे होते. एकही खाली येईना. बाबारावांनी हात जोडले, तुझं सगळं नीट करू म्हणाले. कैलासनं हात जोडले. ऊन ढगातून बाहेर आलं, पाय भाजायला लागले, तरी कावळा शिवेना.

मग सुरभी बापाचा हात सोडून पुढं गेली. पत्रावळीपुढं उकिडवी बसली.

"हो म्हणलं न मी," ती म्हणाली. जरा वैतागून, घरातल्याच माणसाशी बोलावं तशी.

कावळा उतरला. घास घेऊन उडाला.

बाबारावांनी नदीत सोडायला पत्रावळ उचलली. झाडलेल्या वाळूवर एक काळा, गुळगुळीत खडा होता. ओला. त्यावर लाल नेलपॉलिशचे दोन डोळे, एक जरा फाकलेला. नेलपॉलिशची बाटली गोव्याच्या हॉटेलातच राहिली होती.

सुरभीनं दोन डोळेच काढले होते. खड्याला आता तोंडही होतं.