सेठची मेहरबानी

शेअर रिक्षा वळली तशी जयश्रीच्या मांडीवरची वही घसरली, आणि वही रस्त्यावर पडायच्या आत शेजारच्या तरुणाने झेलली. झेलली ती झेलली, वर उघडून वाचायलाही लागला!

"सॅलरी, वेजेस, स्टायपेंड..." त्याने अक्षरं जुळवत वाचलं. "पैशाला इतके शब्द? आमच्याकडं एकच, पगार. तोही उशिरा."

जयश्रीने रिक्षात नजर फिरवली. ओळखीचं कुणी नव्हतं, तरी ती अंग चोरून बसली. तिचे वडील धुडकूआप्पा पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलमध्ये मुकादम. त्यांची वस्ती गोडादरा, आणि अर्धा गोडादरा त्यांना ओळखायचा.

"महिन्याचा ठरलेला तो सॅलरी," ती हळूच म्हणाली. "रोजावर मिळतं ते वेजेस."

"म्हणजे आपलं वेजेस. अन् स्टायपेंड?"

"शिकणाऱ्याला देतात."

"मग मला चालू करा... मी रोज शिकायला तयार आहे."

हा गोपाल. आप्पांच्याच मिलमध्ये रंगाच्या जेट मशीनवर होता. त्या दिवसापासून दोन महिने जयश्री इंग्रजीच्या क्लासला जाताना रोज तीच रिक्षा पकडत होती, आणि रोज मरणाची भीत होती. पण भीती वाटते म्हणून कुणी दुसरी रिक्षा पकडतं का?

मग चार दिवस गोपाल दिसला नाही. रोज ती त्याची जागा धरून ठेवायची. पाचव्या दिवशी आला, तो उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज बांधून. मशीनचं झाकण उडून उकळता रंग अंगावर आला होता.

"हा कागद वाचता का? तुमच्या आप्पांनीच आणून दिला. उद्या सही केली की तीन हजार मिळतील, म्हणाले."

कागद इंग्रजीत होता. वाचता वाचता जयश्री एका शब्दावर थांबली: एक्स-ग्रेशिया. गेल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले होते. कॉम्पेन्सेशन म्हणजे हक्काची भरपाई. एक्स-ग्रेशिया म्हणजे मेहरबानी.

"यात भरपाई कुठंच नाही," ती म्हणाली. "सेठ मेहरबानी म्हणून देतोय. अन् यापुढं तुम्ही काही मागायचं नाही, असं लिहिलंय."

"हात बरा झाला नाही तरी?"

"तरी."

गोपाल हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "सही नाही केली तर कामावरून काढतील. तुम्ही सांगा... करू का?"

त्याला हे कुणी वाचून दाखवलं, ते आप्पांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं. "उद्या सांगते," एवढंच म्हणून ती उतरली.

घरी देवांच्या शेजारी एक इंग्रजी कागद फ्रेम करून लावलेला होता. तेरा वर्षांपूर्वी आप्पांची दोन बोटं मशीनमध्ये गेली, तेव्हा सेठने पाचशे रुपये आणि हा कागद दिला. दर दसऱ्याला आप्पा त्याला झेंडूचा हार घालायचे. जयश्रीने त्याची काच शंभरदा पुसली होती. आज तिने तो पहिल्यांदा वाचला... तेच शब्द. फक्त नाव आप्पांचं.

"काय वाची ऱ्हायनी?"

दारात आप्पा! काहीतरी खोटं सांगावं, असं जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे ते बँडेज आलं. तिने सगळा कागद मराठीत सांगितला. "हे बक्षीस नाही आप्पा. तुमचा हक्क होता. तो सोडल्याचा कागद आहे हा."

आप्पांनी हाताच्या उरलेल्या तीन बोटांकडे बघितलं. आता हात उठणार, असं वाटून जयश्री भिंतीला टेकली. हात उठला, पण त्यांनी फ्रेम काढली आणि खाटेवर पालथी ठेवली.

"त्या पोऱ्याले सांग, सही करू नको. वकीलकडे मीच लई जासू त्याले."

"पण तुमची मुकादमी..."

"जाऊ दे."

"अन् मी... मी कसं सांगू त्याला?"

"रोज रिक्षामा त्याना जोडे कोण बठस?"

रोज रिक्षात त्याच्या शेजारी कोण बसतं, ते आप्पांना ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी रिक्षात तिने निरोप सांगितला: सही करू नका, आप्पा स्वतः तुम्हाला वकिलाकडे घेऊन जातील. गोपालने बँडेजचा हात मांडीवर घेतला.

"हा हात पहिल्यासारखा झाला नाही तर, जयश्री?"

तिला नावाने हाक मारायची त्याची ही पहिलीच वेळ.

"मला फार भीती वाटते," ती म्हणाली. "हाताची नाही... एक दिवस मी या रिक्षात बसेन आणि तुम्ही नसाल, त्याची."

त्याने डावा हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

वळण आलं, वही घसरली आणि सरळ रस्त्यावर पडली. या वेळी झेलायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.