पात्याची रुंदी

मी धार लावतो. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, छापखान्यातली कागद कापायची लांब पाती. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे काउंटर, मागे पाण्याची कुंडी, तिच्या काठावर खरबरीतपासून मऊपर्यंत चार दगड, आणि खिडकीखाली माझं टेबल. काउंटर आमची ही सांभाळते. तिच्या मते माझ्यासारख्या मुखदुर्बळाने दगडाशीच संसार मांडायला हवा होता.

त्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत घडीचा चाकू होता. लाकडी मूठ, पितळी कडा, आणि पातं गंजून आत बसलेलं.

“बाबांचा आहे,” त्या म्हणाल्या. “साठ वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधली त्यांनी. एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायचा. सगळे त्यांना ‘डोळेवाले’च म्हणायचे.”

“आता?”

“आता अंथरुणावर. सहा महिने झाले, बोटं मिटली ती उघडतच नाहीत. घास मी भरवते. आठ दिवसांपासून चाकू मागतायत. पण बोथट दिला तर चालायचं नाही. त्यांना कळेल.”

“उद्या संध्याकाळी या,” मी म्हणालो.

चाकू दिवसभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडले, पात्याला लाकडी चिमटा लावला आणि हळूहळू ओढलं. आधी गंजाची लाल भुकटी पडली, मग टक्‌ असा आवाज झाला आणि पातं उघडलं.

ते पाहून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. पातं इतक्या वेळा दगडावर फिरलं होतं की मधोमध खपाटीला गेलं होतं. बुडाशी कारखान्याचा छाप होता, तोही अर्धा पुसलेला. जुनं पातं हाती आलं की आधी मोजायचं, ही माझी खोड. दगडावर लोखंड झिजतं. आपण किती झिजवलं ते आपल्याला ठाऊक असावं. व्हर्नियर लावला. मधोमध साडेआठ मिलिमीटर. टेबलाच्या फळीवर पेन्सिलीने आकडा लिहिला.

खरबरीत दगडावर पाणी टाकून मी पातं फिरवायला लागलो. एरवी दहा-बारा हातांत दगडावर काळा गाळ सुटतो, ते झिजलेलं लोखंड. इथे पाणी स्वच्छच राहिलं. आवाजही वेगळा होता. खरखर नव्हती, कुणीतरी शेजारी बसून सावकाश श्वास घ्यावा तसं काहीतरी.

पातं पुसून पुन्हा मोजलं. नऊच्या थोडं वर.

पहिल्यांदा चुकलो असेन, असं म्हणालो मनाशी. व्हर्नियरचे जबडे पुसले, शून्य तपासला. वीस हात फिरवले. दहा.

मी हात धुतले आणि हिला हाक मारली.

“चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा,” ती म्हणाली. पण आली, पातं हातात घेतलं आणि तिने स्वतः मोजलं. “दहा.”

“आता बघ.” तिच्यासमोर मी फक्त पाच हात फिरवले. मोजायला परत तिच्याकडेच दिलं.

तिने मोजलं आणि नुसतं बोट पुढे करून दाखवलं. बुडाशी पुसलेल्या छापातून एक पान वर येत होतं. आधी देठ, मग एक शीर, मग दुसरी.

“थांबायचं का?” मी विचारलं.

“थांबवेल का तुम्हाला?”

नाही थांबवलं. खोटं कशाला सांगू, त्या तासाभरात भीती अशी वाटलीच नाही. देवळात न जाणारा माणूस मी. तरी खाली बसून काम करताना आवाज चढवू नये, असं दोघांनाही वाटत होतं. मी फिरवत होतो, ती मोजत होती. अकरा. बारा. जितकं घासावं तितकं पातं भरत होतं. इतकी वर्षं दगडांनी नेलेलं लोखंड एकेक कण परत येत होतं. चौदावर आकडा थांबला. पात्याची पाठ आणि धार समांतर, सरळ झाली आणि त्यावर खिडकीचा चौकोन स्वच्छ दिसला.

बाई संध्याकाळी आल्या. सांगावं की नाही, ते आम्हाला ठरवता आलं नाही. त्यांनी चाकू उघडून पाहिला. “नवाच वाटतो,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ही माझ्याकडे बघत राहिली. मी रुमाल पुढे केला.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. “एकदा घरी येऊन जाल का? दोघंही.”

सकाळी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. म्हातारे खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या हातात हिरवी फांदी, उजव्यात तो चाकू. मिटलेली म्हणून सांगितलेली बोटं फांदीवरून हलक्या हाताने फिरत होती. त्यांनी सालीला आडवा छेद दिला, मग उभा, आणि टोकाने साल अलगद उचलली. शेजारच्या स्टुलावर धारेचा छोटा दगड होता.

“रोज सकाळी धार लावतात,” बाई हळूच म्हणाल्या. “पहिल्या दिवशी अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी पेला धरला. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी.”

“चांगलंच झालं की,” ही म्हणाली.

बाईंनी मान हलवली, पण त्या हसल्या नाहीत.

म्हाताऱ्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खणखणीत होता. “धार तुम्ही लावलीत ना? हात चांगलाय तुमचा.” मग बाईंकडे बघून आवाज खाली आणला. “या बाई कोण हो? सकाळपासून फार करतायत माझं. विचारायला संकोच वाटतो.”

मी बाईंकडे पाहिलं नाही.

“शेजारच्या आहेत,” बाईच म्हणाल्या.

“उपकार आहेत तुमचे,” म्हातारे त्यांना म्हणाले. “मला आता रोपवाटिकेत निघायला हवं. घरी बायको एकटी असते दिवसभर, सहावा महिना आहे तिला.” ते थोडे लाजले. “तिला मुलगा हवाय. मला म्हणाल तर मुलगीच व्हावी.”



बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेलो. पात्याचं सगळं सांगितलं. साडेआठपासून चौदापर्यंत, काही न लपवता.

ऐकता ऐकता त्यांनी नळ सोडला.

“चाकू परत नेऊ का?” मी म्हणालो.

त्या नळाच्या धारेकडे बघत राहिल्या. “नेलात तर बोटं पुन्हा मिटतील?”

“माहीत नाही.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “माझी वाट बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.”

तीन आठवड्यांनी त्या दुकानात आल्या, तेव्हा आम्हाला चेहऱ्यावरूनच समजलं. हिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“काल दुपारी,” त्या म्हणाल्या. “झोपेतच. शेवटी शेवटी बोलणंही बंद झालं होतं. हसायचे फक्त, खिडकीतल्या उजेडाकडे बघून.”

त्यांनी चाकू काउंटरवर ठेवला. “घरात ठेववत नाही. तुमच्याकडे राहू दे.”

मी तो उचलला. स्प्रिंग इतकी ताठ होती की पातं उघडायला दोन्ही हात लावावे लागले. पात्यावर दाट पिवळसर तेल होतं, कारखान्यातून निघताना लावतात तसं. त्या तेलावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

“त्यांनी शेवटचा कधी वापरला?” मी विचारलं.

“हातातून सोडलाच नाही. काल मला एकेक बोट उघडून तो काढावा लागला.”

“लागलं होतं का कुठे?”

“नाही.” त्यांनी स्वतःचा उजवा तळहात काउंटरवर उताणा ठेवला आणि डाव्या बोटाने मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत सावकाश फिरवून दाखवलं.

“इथून इथपर्यंत,” त्या म्हणाल्या, “तळहाताची एकही रेघ उरली नव्हती.”