चाकांवरचं कुंकू

“टायर विकले असते, तर इराला तोंड दाखवायला आलो असतो का?” सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलबाहेर बाळूकाका कळवळून म्हणाले.

त्यांच्या व्हॅननं शाळेत जाणारी आठ वर्षांची इरा आत होती, पाय प्लास्टरमध्ये. काकांची स्कूल व्हॅन ओल्या रस्त्यावर घसरून खांबावर आदळली होती. चारही टायर घासून गुळगुळीत. सहाच दिवसांपूर्वी तीच व्हॅन इन्स्पेक्शन पास झाली होती. मालक निशिकांत पोलिसांना सांगून मोकळा झाला, ड्रायव्हरनंच चांगली चाकं काढून विकली. काकांना आता तुरुंग दिसत होता.

“इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी गाडी कुणाकडे होती?” खासगी डिटेक्टिव्ह वसुधानं विचारलं. तिचा सहकारी अमेय टिपून घेत होता.

“माझ्याकडेच. दसरा होता ना! तेलात कालवलेलं कुंकू चारही चाकांच्या नटांवर लावलं. दुसऱ्या दिवशी शेठ गाडी घेऊन गेले. परत आली तेव्हा कुंकू नव्हतं. वाटलं, धुतली असेल.”

हौगांगच्या कारपार्कमध्ये निशिकांत स्वतः वापरायच्या दुसऱ्या व्हॅनला टेकून उभा होता. मॉडेल स्कूल व्हॅनचंच.

“या गाडीची किल्ली माझ्याच खिशात असते. ड्रायव्हरला हात लावू देत नाही.”

“दसऱ्याला पूजा?”

“छे! माझ्या गाडीला कधी फूलसुद्धा लागलेलं नाही. पण नऊ वर्षांत एकही इन्स्पेक्शन नापास नाही, लाह!” त्यानं सिंगापुरी ढंगात फुशारकी मारली.

इरा कशी आहे, हे त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. अमेयला त्याच्याकडे बघवेना. त्यानं नजर खाली वळवली. चाकाच्या नटांभोवती लालसर काहीतरी होतं. गंज असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

वसुधानं मात्र फोन करून पोलीस अधिकाऱ्याला आणि काकांना तिथेच बोलावलं. सगळे जमल्यावर ती खाली बसली आणि नटावरून बोट फिरवलं. बोट लाल, तेलकट.

“पूजा न झालेल्या गाडीला कुंकू कुठून आलं, निशिकांत?”

निशिकांत गाडीपासून दोन पावलं मागे सरकला.

“दसऱ्याआधीच तुम्ही या गाडीची चांगली चाकं स्कूल व्हॅनला चढवलीत. काकांनी पूजा केली ती याच चाकांची. व्हॅन पास झाली, तुम्ही चाकं नटांसकट काढून परत इथे लावलीत आणि मुलांना गुळगुळीत टायरवर सोडलंत. किल्ली तुमच्या खिशात, म्हणजे काकांना हे जमणं शक्यच नव्हतं.”

“सगळेच करतात,” निशिकांत पुटपुटला. “एका दिवसाचा तर प्रश्न असतो.”

अमेयला शिसारी आली. या माणसाशी आपण मघाशी हात मिळवला होता, हे आठवून त्यानं तळवा पँटला पुसला.

काका सुटले होते, पण चाकापाशी उकिडवे बसून राहिले.

“रोज स्टिअरिंगला नमस्कार करून गाडी काढायचो,” ते म्हणाले. “टायर एकदाही वाकून पाहिले नाहीत. इराला काय सांगू?”