वाफेचं कुलूप

तीन दातेरी चाकं त्रिकोणात बसवली, आणि प्रत्येकाचे दाते बाकीच्या दोघांत अडकवले, तर ती फिरत नाहीत. पहिलं उजवीकडं निघालं की दुसरं डावीकडं जातं, आणि तिसऱ्याला एकाच वेळी दोन्हीकडं जावं लागतं. ते त्याला जमत नाही, म्हणून तिघंही जागच्या जागी अडकून बसतात. यात मतभेदाला जागाच नाही. पंधरा वर्षं मी ड्रॉइंगच्या धंद्यात काढली. लोखंडानं या बाबतीत कुणाला सवलत दिल्याचं मी एकदाच पाहिलं.

सत्त्याण्णव साली बारामतीत घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस होतं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, त्यावर माझ्या बायकोनं, मनिषानं, शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर, आणि लाइट गेली की किरकिरणारा यूपीएस. कामं म्हणजे उसाच्या ट्रॉलीचे आस, गुऱ्हाळाचे चरक, कारखान्यांचे सुटे भाग. दीपक माझा भागीदार. कन्हेरीचा, बागायतदाराच्या घरचा, बोलायला गोड. मी कामात कडू आहे, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला 'तुम्हाला यातलं कळत नाही' असं तोंडावर सांगून मोकळा होतो. म्हणून गिऱ्हाईक त्यानं आणायचं आणि काम मी करायचं, अशी वाटणी ठरली होती. नऊ वर्षं ती चालली. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, दुपारचं जेवण आमच्याकडंच असायचं.

त्या जानेवारीत त्यानं सिनेमाचं काम आणलं. मुंबईची कंपनी इंदापूरच्या पुढं, धरणाच्या पाण्याकडेला, एका जुन्या दगडी गोदामात सेट लावणार होती. गोष्ट संस्थानी काळातली. एक विलायती कारागीर राजाच्या खजिन्याच्या दाराला वाफेवर चालणारं कुलूप करून देतो. पुरुषभर उंच, पितळी, अंगभर नळ्या आणि वाफेचा दाब दाखवणारी काट्यांची घड्याळं. हँडल फिरवलं की चाकं फिरणार, वाफ सुटणार, दार उघडणार. वाफ खोटीच होती, आणि पितळ म्हणजे ॲल्युमिनियमच्या ओतकामावर सोनेरी रंग. पण चाकं मात्र खरीखुरी फिरली पाहिजेत, असं आर्ट डायरेक्टर बाईंनी बजावलं होतं.

"सिद्धू, पडद्यावर नाव येणार हाय आपलं," दीपक म्हणाला.

मी वरवर हसलो, पण ते नाव मला हवं होतं, हे कबूल करतो. आमच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, वडिलांनी अंथुर्ण्याला शेती केली, आणि मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचे तुकडे काढत बसलो होतो. एक अख्खं यंत्र माझ्या नावाचं असावं, एवढीच माझी हाव होती.

दोन महिने मी ते कुलूप कॉम्प्युटरवर उभं केलं. आधी वर्तुळ, मग त्यावर एक दाता, मग तोच दाता चोवीस वेळा गोल फिरवून चाक, मग चाकाला जाडी. बॉयलर कसा काढावा हे सुचेना, तेव्हा मनिषानं न्हाणीतला तांब्याचा बंब पुढं आणून ठेवला. पट्टी लावून त्याचीच मापं घेतली. त्याची जाळी, तोटी, वरची चिमणी, सगळं दुप्पट मोठं करून चढवलं. एक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर पाऊण तास घ्यायचा. तेवढ्यात मनिषा बाजूला बसून शेंगा फोडायची आणि रेघ न् रेघ उमटताना बघायची.

मागे पुण्याच्या एका वर्कशॉपनं माझं चरकाचं ड्रॉइंग जसंच्या तसं उचललं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक कामात मुद्दाम एक खोट ठेवायचो. इथं मी पुढच्या पत्र्यामागं, एकमेकांत अडकलेल्या दोन चाकांच्या बेचक्यात, दोघांनाही दाते लागतील असं तिसरं चाक लपवलं. जोडणीच्या दिवशी मी ते काढून टाकणार होतो. चोरून नेणाऱ्याला ते कळणार नव्हतं आणि त्याचं यंत्र जागचं हलणार नव्हतं. हे मी मनिषाला सांगितलं. दीपकला सांगितलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

एका दुपारी मनिषाला गंमत दाखवावी म्हणून ती तीन चाकं मी कॉम्प्युटरवर नुसत्या रेघांत, झटपट फिरवली. कॉम्प्युटरमध्ये लोखंड लोखंडातून आरपार जातं, त्याला काही वाटत नाही. म्हणून दाते कुठं एकमेकांत घुसतात ते मी एकेक चित्र थांबवून शोधू लागलो. चाळीसच्या चाळीस चित्रं पाहिली. कुठंच घुसले नव्हते.

"फिरतायत की हो," मनिषा म्हणाली.

मी मापं पुन्हा तपासली. बरोबर होती. काहीतरी बारीक फरक पडला असेल म्हणून मी तो विषय सोडला. ट्रॉलीचं काम तुंबलं होतं.

चाकांचे लाकडी नमुने लासुर्ण्याच्या गेणबातात्यांनी केले. सत्तरीतला माणूस, आयुष्य ओतकामाचे नमुने तासण्यात गेलेलं. कागद पाहताच त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"सिद्धू, हे आडकतंय. फिरायचं न्हाय."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तात्या पोट धरून हसले. "लई बेरकी हायस," म्हणाले.

मार्चमध्ये आई आजारी पडली आणि मी आठ दिवस अंथुर्ण्याला गेलो. परत आलो तर टेबलाचा खण रिकामा. मनिषा म्हणाली, "दीपकभावजी फ्लॉप्या घेऊन गेले. तुम्हीच सांगितलंय म्हणाले." ओतलेली चाकंही टेम्पोत घालून गेली होती. तात्यांकडं गेलो तर तिथं नवे कागद. कोपऱ्यातल्या चौकटीत 'रचना' या शब्दापुढं एकच नाव होतं, दीपकचं. माझं नाव कुठंच नव्हतं. नऊ वर्षं माझ्या ताटाशेजारी ज्याचं ताट होतं, त्यानं हे केलं होतं. तात्यांनी मला पाणी दिलं.

"मी येतो संगं. तिसरं चाक तुजंच हाय, सांगतो की चारचौघांत."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं इंदापूरला गेलो. वाटेत तात्यांनी भेळ घेतली, दोघांनी एकाच पुड्यातून खाल्ली. मला आतून गार वाटत होतं. दीपकनं यंत्र जोडलं असणार, आणि ते जाम बसलं असणार. मला फक्त जाऊन पत्रा उघडायचा होता.

गोदामात दिवे लागले होते. समोर माझं कुलूप उभं होतं, माझ्या बंबासकट. मी सरळ आर्ट डायरेक्टर बाईंपाशी गेलो. हे यंत्र माझं आहे, म्हणालो, आणि पुरावा या पत्र्यामागं आहे. दीपकचा चेहरा उतरला.

"सिद्धू, घरी बोलू ना आपण."

मी स्क्रू काढले. पत्रा खाली ठेवला. तिसरं चाक जिथल्या तिथं होतं. तिन्ही चाकांचे दाते एकमेकांत घट्ट बसले होते. हे असं फिरूच शकत नाही, आणि का फिरत नाही हे मलाच ठाऊक आहे, कारण त्याचं ड्रॉइंग मी काढलंय, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तिसऱ्या चाकाच्या एका दात्यावर खडूनं खूण केली.

"दीपकजी, फिरवा बरं," बाई म्हणाल्या.

दीपकनं हँडलला हात घातला.

ते फिरलं. कुठं खरखर नाही, धक्का नाही. तिन्ही चाकं तेलात घातल्यासारखी फिरली. मी वाकून खडूच्या खुणेकडं बघत होतो. ती खूण वर गेली. आणि त्याच वेळी ती खाली गेली. खूण एकच होती.

"छान चालतंय की," बाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं.

"तात्या, तुम्ही सांगा," मी म्हणालो.

गेणबातात्या माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. लबाडी मला ओळखता येते.

"काय सांगू? दीपकरावांनीच काढलंय न्हवं हे? तुमी तर ट्रॉल्यांचं काम करता."

परतीच्या एसटीत ते माझ्याच शेजारी बसले आणि उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले. म्हाताऱ्याला दीपकनं फितवलं, असं मी मनाशी धरलं. दुसरं काय धरणार?

घरी आल्यावर मनिषाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिसरं चाक कुठलं?"

मी कपाट उघडलं, कच्चे कागद काढले. पेन्सिलीनं काढलेली तिन्ही चाकं तिच्यापुढं ठेवली. तिनं कागद उजेडात धरला.

"हे भावजींचं अक्षर आहे, अहो," ती हळूच म्हणाली. मी चिडून कागद हिसकावून घेतला. अक्षर माझं होतं. निदान त्या दिवशी तरी मला ते माझंच वाटलं.

चार दिवसांनी, भर दुपारी, दीपक आला. दाढी वाढलेली. उंबऱ्यातच उभा राहिला. मनिषानं चहा आणला आणि पहिला कप त्याला दिला.

ती आत गेल्यावर तो म्हणाला, "मी चोरलं, सिद्धू. पडद्यावर एकट्याचं नाव यावं म्हणून चोरलं. मी बाईस्नी सांगितलं, हे माझं न्हाय. तर ती म्हणती, किती मोठं मन तुमचं. सगळ्यांस्नी सांगितलं. समदी हसत्यात."

मी माझा कप उचलला.

"रोज धा-बारा वेळा फिरवतो मी ते. परवा तात्यांना म्हटलं, सिद्धूला निरोप द्या. तात्या म्हणं, कोण सिद्धू?" त्यानं कप खाली ठेवला. "उद्या शेवटचा शॉट हाय. तू चल माझ्यासंगं. दोघांनी मिळून सांगू. न्हायतर मी हात लावत न्हाय हँडलला. मला लई भ्या वाटतंय."

त्या क्षणी मी हो म्हणायला हवं होतं. पण मला तात्यांचा चेहरा आठवला, मनिषाचा आठवला, ते हसणं आठवलं. नऊ वर्षांच्या जेवणाचा मला राग आला. मला त्याला रडवायचं होतं.

"हात का लावत नाहीस?" मी म्हणालो. "तुझंच आहे ना ते? फिरव की मनसोक्त."

"सिद्धू, असं बोलू नको."

"जा," मी म्हणालो. "तुझं यंत्र, तूच फिरव."

त्यानं चपला घातल्या. मग पायऱ्या उतरून गेला. मी खिडकीतूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीचे कागद घेऊन मी एका गिऱ्हाइकाकडं गेलो. त्यानं दोनदा माझं नाव विचारलं. तो सहा वर्षं मला काम देत होता. मी कागद तिथंच टाकून निघालो.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते, शेवटचा शॉट केव्हाच झाला असणार. ऊन अजून ओट्यावर होतं. दार उघडं होतं.

माझ्या खुर्चीत दीपक बसला होता. गुळगुळीत दाढी केलेली. कॉम्प्युटरवर काहीतरी काढत होता. मला बघून उठला.

"या, बसा. काय काम होतं?"

"दीपक," मी म्हणालो.

"हां, मीच. कोणी पाठवलं तुमाला?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. कालची भीती नव्हती. ओशाळेपण नव्हतं. मला त्यात थोडीशी तरी लबाडी सापडली असती तर मी त्याचे पाय धरले असते. मला फसवल्याचं निदान त्याला एकट्याला तरी आठवायला हवं होतं.

"तू माझं चोरलंस," मी म्हणालो. "काल तूच म्हणालास."

तो गोंधळला. मग त्यानं अगदी मायेनं माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीवर बसवलं.

"उन्हातनं आलासा जणू. थांबा." त्यानं आत हाक मारली, "अगं, पाणी आण जरा."

आतून मनिषा तांब्या घेऊन आली. परका माणूस बघून ती दारातच थबकली, आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.