दोन पाट्यांमधला पाव मैल

"नाक दाबून धर, लेकी. डोळे मीट. भिऊ नकोस, पाणी आपलंच आहे."

पास्टर आयझायांचा हा आवाज ओलेटाने ऐकला तेव्हा ती चार वर्षांची होती, आजोबांच्या खांद्यावर बसलेली. ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं, तिच्या आईसाठी होतं. पांढऱ्या झग्यातली आई ओढ्याच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पास्टरांनी तिला अलगद मागे वाकवलं, पाणी तिच्यावरून मिटलं, पुन्हा उघडलं, आणि आई हसत वर आली. पुढच्याच हिवाळ्यात आई गेली. तो आवाज मात्र ओलेटाजवळ राहिला.

आता ती बारा वर्षांची होती, त्याच ओढ्याच्या काठी उभी होती, आणि तिने नाक खरंच दाबून धरलं होतं.

"शी," बेतो म्हणाला. "सकाळी खाल्लेला टाको वर येतोय माझा."

"खालीच राहू दे त्याला," ओलेटा नाकातून म्हणाली. "इथे आधीच पुरेसं आहे."

पुलाखाली, जिथे उन्हाळ्यात गुडघाभर थंड पाणी वाहायचं, तिथे करडा-हिरवा गाळ साचला होता. त्यावर साबणासारखा फेस, फेसावर माश्यांचा थर. मधूनच एखादा बुडबुडा वर यायचा, फुटायचा, आणि वास नव्याने उठायचा. काठावरच्या गवताला ओल्या कागदाच्या चिंध्या लटकल्या होत्या. तो कागद कुठला, हे विचारायची कुणालाच इच्छा नव्हती.

"हे संडासातलं आहे," पायपर म्हणाली. ती दहा वर्षांची. मागच्याच वर्षी टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला आली होती. "आमच्या अंगणातल्या टाकीचं झाकण उघडलं होतं ना, तेव्हा अगदी असाच वास आला होता. मग एक गाडी येऊन सगळं ओढून घेऊन गेली."

"म्हणजे हे तुमचं आहे," बेतो म्हणाला.

"माझ्या एकटीचं नाहीये."

ओलेटाला हसू आलं नाही. ती ओढ्याच्या खालच्या अंगाला बघत होती. पाणी वळण घेऊन जिथे तीन पेकन झाडांखाली थांबायचं, तो डोह इथून शंभर पावलांवर होता. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याच डोहात तिचा बाप्तिस्मा ठरला होता. आजी, आई, सगळ्या तिथेच उतरल्या होत्या. वास असाच राहिला तर आपण नव्या चर्चमधल्या गरम पाण्याच्या हौदात जाऊ, असं चर्चमधली मोठी माणसं बोलू लागली होती. हौदाला निळ्या फरश्या होत्या, आणि त्यात आई कधीच उतरली नव्हती.

"शेरीफच्या ऑफिसात फोन करू," ती म्हणाली.

टॉलिव्हर काउंटीतलं, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यातलं, पोलिसांचं सगळं काम शेरीफ आणि त्याच्या हाताखालचे डेप्युटी त्या एकाच ऑफिसातून बघायचे. पूर्वी फोन लावला की पलीकडची बाई आजोबांच्या गुडघ्याचीही चौकशी करायची. आता माणसं तिप्पट झाली होती, ऑफिसला काचेची नवी इमारत मिळाली होती, आणि फोनवर आधी बराच वेळ गाणं लागायचं.

"पुलाखाली?" गाणं संपल्यावर बाई म्हणाली. "रस्त्यावरच्या पाटीच्या अलीकडे की पलीकडे, बेटा?"

"पलीकडे."

"मग ती मॅडॉक्स काउंटी. आमचे डेप्युटी पाटीच्या पुढे जात नाहीत. त्यांना फोन कर हं."

मॅडॉक्सच्या ऑफिसात एक पुरुष होता. तो जांभई देत म्हणाला, "पूल? पूल टॉलिव्हरचा. आमची हद्द टेकडीवरच संपते. पाटी आहे तिथे मोठी."

ओलेटाने तीन दिवसांत पाच फोन केले. बेतोने तर त्याचं गाणंच केलं, आणि सायकल हाणताना तो ते मोठ्याने म्हणू लागला:

"इकडची म्हणे तिकडे जा,
तिकडचा म्हणे इकडे,
मधल्यामध्ये शी गं बाई,
नाकाला लावा फडके."

तिसऱ्या दिवशी मुलं रस्त्याने टेकडीकडे निघाली होती. पुलाच्या अलीकडे हिरवी पाटी लागली: 'मॅडॉक्स काउंटी सुरू'. मग पूल. मग चढ. टेकडीच्या माथ्यावर, उलट तोंड करून, दुसरी पाटी: 'टॉलिव्हर काउंटी सुरू'.

पायपरने सायकल थांबवली. "एक मिनिट. खाली मॅडॉक्स सुरू झाली ना? मग इथे माथ्यावर येऊन ती संपते कशी? ती तर आत्ता पुढे पसरायला हवी."

बेतो डोकं खाजवत म्हणाला, "दोन्ही पाट्या एकाच जागी हव्यात. पाठीला पाठ लावून."

पायपरच्या सायकलवर अंतर मोजायचं यंत्र होतं. तिघं खालच्या पाटीपासून वरच्या पाटीपर्यंत पुन्हा आली. बरोबर पाव मैल.

"पाव मैल कुणाचाच नाही," ओलेटा सावकाश म्हणाली. "टॉलिव्हरवाले खालची पाटी बघून परत फिरतात, मॅडॉक्सवाले वरची बघून. आणि ज्याला हे कळलंय तो मधे येऊन घाण ओततोय. किती हलकट माणूस असेल."

संध्याकाळी तिने आजोबांना विचारलं. आजोबा चाळीस वर्षं काउंटीच्या रस्तेखात्यात होते. प्रत्येक मोरी त्यांना तोंडपाठ होती.

"आजोबा, खरी हद्द कुठे आहे हो? पाट्या चुकल्यात."

आजोबांच्या हातातला मक्याच्या पावाचा तुकडा तिथेच थांबला. "रस्ता रुंद केला तेव्हा सगळंच हललं," ते म्हणाले. "मला नाही आठवत." आणि अर्धं ताट टाकून ते ट्रॅक्टरला तेल द्यायला गेले. तेल त्यांनी सकाळीच दिलं होतं.

गाडी कधी येते ते शोधायला आठवडाभर पाळत ठेवावी लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी, बाराच्या सुमारास, वसाहतीच्या बाजूच्या कच्च्या वाटेने एक पांढरा टँकर ओढ्यात उतरायचा. पोटावर हसऱ्या बदकाचं चित्र. चालक जाड नळी पुलाखाली सोडायचा आणि ती ओकत असताना सावलीत बसून सँडविच खायचा.

"त्या वासात," बेतो म्हणाला. "सँडविच. माणूस आहे का कोण आहे?"

"फोटो काढून पाठवू?" पायपरने विचारलं.

"पाठवला की. दोन्हीकडे," ओलेटा म्हणाली. "दोघांनीही दुसऱ्याकडे पाठवा म्हणून सांगितलं. घाणीसाठी कुणी येत नाही. कशासाठी येतात ते सांग."

पायपरने फोन काढला आणि दोन्ही शेरीफ ऑफिसांची पानं उघडली. चोरीबिरी खाली कुठेतरी होती. वर सगळे फोटो: डेप्युटी आणि कुत्र्याचं पिल्लू, डेप्युटी आणि वाढदिवसाचा केक, डेप्युटी आणि रस्त्याकडेला सरबत विकणारी मुलं. सरबताच्या फोटोला सगळ्यांत जास्त लोकांनी पसंती दिली होती.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी साडेअकराला पुलाच्या कठड्याशी, झाडाच्या सावलीत, टेबल मांडलेलं होतं. बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत, आजीची पीचची वडी, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: 'डेप्युटींना फुकट'. दोन्ही ऑफिसांना आमंत्रण आदल्या दिवशीच गेलं होतं. वारा त्या दिवशी सुदैवाने ओढ्याकडे वाहत होता.

आधी टॉलिव्हरचा डेप्युटी ब्रँट आला. तरुण, बूट आरशासारखे. पाच मिनिटांत मॅडॉक्सचा डेप्युटी ओरोस्को आला, मिशा पांढऱ्या, पोट पुढे. मुलांनी दोन्ही गाड्या झाडाआड उभ्या करायला सांगितल्या, "ऊन लागतं सर, सीट तापते." खालच्या कच्च्या वाटेवरून त्या दिसत नव्हत्या.

दोघांनीही फोटो काढले, दोघांनीही तिथल्या तिथे पानावर टाकले.

"काय लिहिलंत, सर?" ओलेटाने ब्रँटला विचारलं.

"'टॉलिव्हर काउंटीची गोड मुलं'," तो अभिमानाने म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"'आमच्या मॅडॉक्सची चुणचुणीत मुलं'," ओरोस्को म्हणाला, आणि त्याचा पेला ओठांशी अडखळला. "काय रे, ही तर तुमची नाहीत. पूल..."

"पूल आमचा," ब्रँट म्हणाला.

"फोनवर तर तो कुणाचाच नव्हता," ओलेटा म्हणाली. "आम्ही पाच फोन केले. घाण असली की पूल दुसऱ्याचा, सरबत असलं की आपला. हे कसं काय, सर?"

तेवढ्यात वारा फिरला. ब्रँटच्या हातातली पीचची वडी तोंडापर्यंत पोहोचलीच नाही. "देवा," तो म्हणाला, "हे काय मेलंय?"

खाली इंजिन घरघरलं. हसरं बदक पुलाखाली शिरलं, नळी सुटली, आणि घळाघळा आवाज सुरू झाला. आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. दोन्ही डेप्युटी धावत उतरले, मुलं मागून.

चालकाने नळी बंद केली, पण सँडविच खाली ठेवलं नाही.

"पावती कोण फाडणार?" तो चावता चावता म्हणाला. "पाट्या वाचा साहेब. ही जागा तुमची नाही, आणि तुमचीही नाही. मी इथे काहीही केलं तरी तुम्हा दोघांना मला हात लावता येत नाही. वकिलाला विचारूनच आलोय."

ब्रँटने वहीचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. त्याचा चेहरा पडला होता.

"पाट्या नव्हत्या तेव्हा हद्द कशी कळायची?" पायपरने विचारलं.

ओरोस्कोने मिशीवरून हात फिरवला. "दगड असायचा. आमच्या जुन्या शेरीफांनी दाखवला होता. पुलाखाली, या बाजूच्या काठाला. एका अंगाला T, दुसऱ्या अंगाला M."

सगळ्यांनी काठाकडे पाहिलं. काठ आता दिसत नव्हता. होता तो फक्त गाळ, फेस आणि माश्या.

ब्रँटने आपल्या बुटांकडे पाहिलं. ओरोस्कोने आपल्या पोटाकडे. दोन मोठी माणसं, दोन पितळी बिल्ले, आणि पाऊल कुणाचंच उचलेना.

ओलेटाने आजोबांचे मांडीपर्यंतचे रबरी बूट आणले होते. काय लागेल ते सांगता येत नाही म्हणून. तिने ते चढवले, हातमोजे घातले, बेतोच्या हातातली काठी घेतली.

"ओलेटा, नको," बेतो पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाला.

"मला याच पाण्यात उतरायचंय," ती म्हणाली. "आज नाही तर कधीच नाही."

गाळाने पाय धरला. प्रत्येक पावलाला तो चोखल्यासारखा आवाज करायचा आणि सोडताना तोंडावर वास फेकायचा. माश्या तिच्या ओठांवर बसू बघत होत्या. काठी खुपसली: मऊ. पुन्हा खुपसली: मऊ. काठाशी सरकली, पुन्हा खुपसली, आणि काठी टणकन थांबली.

ती वाकली. कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना दोन्ही तळव्यांनी पुसत राहिली. गाळ घसरला. चौकोनी ग्रॅनाईट वर आलं. पाण्याच्या बाजूला M. काठाच्या बाजूला T.

नळीचं तोंड T च्या बाजूला पडलेलं होतं, चांगलं पाच हात आत.

"टॉलिव्हर," ओरोस्को म्हणाला आणि टोपी काढली. "ब्रँट, पूर्ण तुझा आहे तो."

ब्रँट गाळात उतरला. चकचकीत बुटांनी, नडगीपर्यंत. त्याने आधी ओलेटाला हात देऊन वर काढलं आणि मग चालकाच्या हातातलं सँडविच काढून घेऊन बेड्या घातल्या.

त्या संध्याकाळी आजीने ओलेटाला अंगणात तीनदा साबण लावून आंघोळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेऊन सुई टोचवली. टँकरवाल्या कंपनीला ओढा उपसावा लागला. टॉलिव्हरच्या शेरीफ मार्गरीट हॉलोवे स्वतः तीन वेळा येऊन काठावर उभ्या राहिल्या, आणि ऑफिसच्या फोनवरचं गाणं त्यांनी बंद करवलं. ऑगस्टात दोन मोठे पाऊस झाले. सप्टेंबरात प्रयोगशाळेचा कागद आला: पाणी स्वच्छ.

शेवटच्या रविवारी डोहाकाठी चर्च जमलं. बेतोची आई टाको घेऊन आली होती, पायपरचे आईवडील पहिल्यांदाच आले होते. शेरीफबाई गणवेशात पुढे आल्या.

"माझ्याकडे साठ डेप्युटी आहेत," त्या म्हणाल्या. "साठ जणांना जे दिसलं नाही ते या तिघांना दिसलं. याची मला लाज वाटते आणि त्यांचा अभिमान वाटतो. डेप्युटी ब्रँट, तुम्हालाही वाटते ना?"

"वाटते, मॅडम," ब्रँट मागून म्हणाला.

लोक हसले. "दोन्ही पाट्या आता दगडापाशी, पाठीला पाठ लावून उभ्या आहेत," शेरीफबाई पुढे म्हणाल्या. "वरची पाटी मॅडॉक्सवाल्यांनी रस्ता रुंद करताना हलवली होती. आमची खालची पाटी चुकीच्या जागी कुणी रोवली ते मात्र कळणार नाही. रस्तेखात्याचे कागद उंदरांनी खाल्ले."

ओलेटा पांढऱ्या झग्यात पाण्याशी उभी होती. तिला हात धरून आत नेण्याचं काम आजोबांचं होतं. ते काठावरच थांबले होते.

"चला ना, आजोबा."

आजोबा हलले नाहीत. सगळं चर्च बघत होतं.

"उंदरांना दोष देऊ नका, शेरीफबाई," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पाटी मी रोवली, ओलेटा. पुलाशी सगळा खडक होता. यंत्राचे दोन दात तुटले, ऊन डोक्यावर होतं, माणसं जेवायला बसली होती. मी अलीकडे आलो, जिथे माती मऊ होती तिथे खड्डा घेतला, आणि म्हटलं, एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय. तू मला विचारलंस त्या संध्याकाळी मला सगळं आठवत होतं. त्या घाणीत तू माझे बूट घालून उतरलीस, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो."

ओलेटाने त्यांचा हात धरला आणि त्यांना घेऊन पाण्यात पाऊल टाकलं.