पाऊणकीचं गणित

जर्मनीतल्या झिल्ट बेटाच्या दक्षिण टोकाशी ओहोटीचं पाणी समुद्राच्या लाटांना भिडतं, आणि तिथे एकाच जागी लाट उभी राहते. तिच्यावर कयाक स्वार करायची, एवढ्यासाठी आम्ही तिघं ब्राउनश्वाइगहून आलो होतो. पीएचडी करणारे ईप्सिता, उत्कर्ष आणि मी, मल्हार. मूळचा मालवणचा, पण वाढलो सगळा पुण्यात!

कयाक भाड्याने देणाऱ्या बाईंनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक दिलं. मी ते न उघडताच खिशात कोंबलं.

"अरे, बघ तरी!" ईप्सिता म्हणाली.

"आल्झो, म्हणजे असं बघ, आमच्या मालवणच्या आत्मारामकाकांची पाऊणकी आहे ना! तिथीला पाऊणने गुणायचं. आज दशमी, म्हणजे साडेसातला भरती, पावणेदोनला पूर्ण ओहोटी. एकला उतरू, पाण्याची ओढ मरत आलेली असेल."

काकांचं गणित कोकणातल्या किनाऱ्याचं. इथल्या समुद्राला ते कोण शिकवायला गेलं होतं!

टोक ओलांडलं आणि नाव खालून कुणीतरी ओढावी तशी सुटली. ओढ कसली मरतेय? ऐन जोरात होती! वारा समोरून, पाणी बर्फगार, आणि पुढे पांढरं फेसाळ रान.

लाट उभी राहिली. ईप्सिता उलटली!

"मल्हार!"

माझ्यापासून जेमतेम दोन वल्ह्यांच्या अंतरावर होती ती. मी नाव वळवली. तिच्याकडे नाही, वाळूच्या दांड्याकडे. जीव खाऊन वल्हवत सुटलो. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

दांड्यावर पोचून पाहिलं, तर लांबून आलेला उत्कर्ष तिला दोर बांधून ओढत होता. मला पाण्यात उतरायचाही धीर झाला नाही. असा मी शूर!

वाळूवर आल्यावर ती कुडकुडत होती. उत्कर्षने आपलं जाकीट तिच्या अंगावर टाकलं.

"ईप्सिता, मला..."

"गणित चुकलं, ते जाऊ दे," ती म्हणाली. "मी तुला हाक मारली होती."

मी खिशातलं वेळापत्रक काढलं. ओली पानं सोडवत मोठ्याने वाचलं, "पूर्ण ओहोटी, चार पन्नास." काकांच्या गणिताहून तीन तास उशिरा.

पाणी शांत होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. समोर ती लाट हळूहळू विरली. तिच्यावर स्वार व्हायचं नाव आता कुणी काढलं नाही.

निघताना मी सगळ्यात मागे थांबलो.

"मागे नको," ईप्सिता म्हणाली. "पुढे हो. मला दिसशील असा."

मी पुढे झालो.